पूर्ण एक मिनिट

नवजात बाळाचे श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागते. मोठ्या माणसाची नाडी पंधरा सेकंद पाहून चाराने गुणली, तरी सहसा भागते. बाळाच्या श्वासाचे तसे नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळ काही सेकंद भराभर श्वास घेते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू करते. यात बहुधा काळजीचे काही नसते. पण नेमके भराभर चालले असताना पंधरा सेकंद मोजले, तर निरोगी बाळ आजारी ठरते. थांबलेले असताना मोजले, तर आजारी बाळ निरोगी ठरून घरीच राहते. म्हणून गावोगावच्या आशा कार्यकर्तींना शिकवले जाते की, बाळ शांत असू द्या, अंगावरचे दुपटे बाजूला करा, घड्याळ समोर ठेवा आणि छाती-पोटाचे वरखाली होणे साठ सेकंद मोजा. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण.

साठ सेकंद एकाच गोष्टीकडे पाहत राहणे ऐकायला सोपे वाटते. आता दुसरा आकडा पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील ग्लोरिया मार्क यांनी जवळपास वीस वर्षे एकच प्रश्न तपासला. काम करणारा माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सलग किती वेळ टिकतो? २००४च्या सुमारास त्या हातात स्टॉपवॉच घेऊन कचेरीतल्या लोकांच्या मागे बसत. तेव्हा सरासरी अडीच मिनिटे आली. २०१२च्या आसपास ही वेळ सव्वा मिनिटावर आली होती. अलीकडच्या वर्षांत, आता संगणकातच बसवलेल्या नोंदयंत्रणेने मोजल्यावर, ती सुमारे ४७ सेकंद निघाली.

या आकड्याचा अर्थ जरा जपून लावायला हवा. माणसाची एकाग्रता आठ सेकंदांवर आली असून ती सोनेरी माशापेक्षाही कमी आहे, असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला कोणत्याही संशोधनाचा आधार नाही, आणि माशाची एकाग्रता कोणी व कशी मोजली हेही कोणी सांगत नाही. मार्क यांचे ४७ सेकंद ही मेंदूची कमाल मर्यादा नव्हे, ती सवय आहे. तोच माणूस क्रिकेटच्या शेवटच्या षटकात डोळ्याची पापणी लवू देत नाही. क्षमता शाबूत आहे, पण पडद्यासमोर बसल्यावर तिला उड्या मारायची सवय लागली आहे. आणि या उड्यांतल्या साऱ्याच काही बाहेरच्या घंटीमुळे मारलेल्या नसतात. मार्क यांच्या निरीक्षणात माणसे जवळपास तितक्याच वेळा स्वतःहून, कोणी न बोलावता, हातातले काम सोडून दुसरीकडे वळत होती.

उडी मारण्याची किंमत मात्र खरी असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की मन पूर्णपणे वळत नाही. आधीच्या कामाचा काही अंश तिथेच अडकून राहतो आणि नव्या कामाच्या वाट्याला उरलेसुरले लक्ष येते. पिठाच्या हातांनी फोन घ्यावा, तसा हा प्रकार आहे. फोनलाही पीठ लागते आणि कणीकही वाळते.

मेंदूची आणखी एक मर्यादा आहे आणि तिचा दोष मोबाइलवर ढकलता येत नाही. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा धांडोळा घेऊन मांडले, की माणूस एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी खेळवू शकतो. बाजाराच्या यादीत आठ जिनसा असल्या की कागद लागतो, तो यामुळेच. मग समाजाच्या प्रश्नांचे काय? एखाद्या आदिवासी पाड्यावर मूल का दगावले, याच्या उत्तरात आईचे लग्नाचे वय येते, तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन येते, दिवाळीनंतर कुटुंब कोणत्या गावी मजुरीला गेले ते येते, रेशन मिळाले की नाही, नदीला पूर होता का, रुग्णालय किती कोसांवर होते आणि तिथे आपल्याशी कोणी नीट बोलेल का ही भीतीही येते. एवढ्या गोष्टी एकदम मनात धरता येतच नाहीत. त्या कागदावर मांडाव्या लागतात, परत परत त्यांच्याकडे यावे लागते. जी बाब चार जागांत मावत नाही, तिचे ४७ सेकंदांत काय होणार? तिचे एकच वाक्य होते, ‘सरकार नालायक आहे’ किंवा ‘लोक अडाणी आहेत’. दोन्ही वाक्ये म्हटल्यावर विचार केल्यासारखे वाटते, आणि बोट पुढच्या चित्रफितीकडे सरकते.

आटणारा पूर

व्यक्तीचे जे होते, तेच समाजाचेही होते. डेन्मार्क आणि जर्मनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्विटरवर जगभर सर्वाधिक चालणाऱ्या पन्नास विषयांत एखादा विषय किती काळ टिकतो, हे त्यांनी पाहिले. २०१३ मध्ये तो सरासरी १७.५ तास टिकत होता. २०१६ मध्ये हा काळ ११.९ तासांवर आला. म्हणजे सकाळच्या चहाला पेटलेला विषय रात्रीच्या जेवणापर्यंत विझतो.

तरीही सगळे खापर फोनवर फोडणे चुकीचे ठरेल. अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने लोकांचे लक्ष आणि सामाजिक प्रश्न यांवरचा आपला गाजलेला लेख १९७२ मध्ये लिहिला, तेव्हा हातात मावणारा फोन बाजारात नव्हता. प्रश्न आधी खूप काळ तसाच पडून असतो, फक्त जाणकारांना ठाऊक. मग एखाद्या घटनेने सगळे दचकतात आणि ‘आता हे संपवायचेच’ असा उत्साह येतो. पुढे लक्षात येते की, हे संपवायला खूप पैसा लागेल, शिवाय काहींच्या सोयी सोडाव्या लागतील. कदाचित आपल्याच. इथे उत्साह ओसरतो. काही जण निराश होतात, काहींना विषय नकोसा होतो, बहुतेकांना कंटाळा येतो. मग नवा प्रश्न येतो. डाउन्स यांनी हे अमेरिकेतील पर्यावरणाच्या चर्चेविषयी लिहिले, पण मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्या मराठी वाचकाला त्यात अनोळखी काही वाटणार नाही. बातमी येते, पाहणी दौरा होतो, अधिकाऱ्यांची बैठक होते, गणपती येतात.

लक्ष ओसरण्यामागे भावनेचे गणितही आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या तिघांचा २००७चा एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना एका प्रश्नावलीबद्दल पाच डॉलर मिळाले आणि त्यांतले हवे तितके दान करण्याची मुभा दिली गेली. काहींना मालीतील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीचे छायाचित्र दाखवले. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतील लक्षावधी भुकेल्यांची आकडेवारी दिली. त्यांनी १.१४ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेवारीही दिली. दोन्ही मिळून देणे वाढायला हवे होते. पण रोकियाच्या २.३८चे १.४३ झाले. आकड्यांनी तिच्याविषयीची कणव वाढवली नाही, उलट पातळ केली.

यावरून अनेक संस्थांनी धडा घेतला, की आकडे नकोत, चेहरा दाखवा. पैसे गोळा करायला ते ठीकच आहे. पण नुसत्या चेहऱ्याने प्रश्न कळत नाही, आणि एका चेहऱ्यापाठोपाठ दुसरा पाहत राहण्याचा त्रास पाहणाऱ्याच्या शरीराला होतो. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत मोठी पाहणी झाली. पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा अधिक त्या बातम्या आणि दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. झोप मोडणे, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येणे, सतत दचकणे अशी ही लक्षणे. दुःखाची दृश्ये पाहत राहणे म्हणजे त्या दुःखाचा विचार करणे, असे मानणाऱ्यांनी ही पाहणी लक्षात ठेवावी. रात्री साडेअकराला अंथरुणात पडून पाहिलेल्या अन्यायाच्या वीस चित्रफिती कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. पाहणाऱ्याची झोप तेवढी जाते.

मूल गेले तेव्हा जवळ कोण होते?

मग गंभीर विचार म्हणजे नेमके काय करायचे? याचे एक उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा गडचिरोलीत शोधलेले बरे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. जिल्हा नवा होता, चंद्रपुरातून वेगळा होऊन चार वर्षे झाली होती. तिथल्या हलाखीवर हळहळणे अवघड नव्हते. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढून मोजायला सुरुवात केली. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांच्यापैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक तरी आजार होता आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले, तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढेच जगभरच्या आरोग्य खात्यांना दिसत होते.

मुलांच्या बाबतीतही रीत तीच. ‘मुले मरतात’ या वाक्यावर न थांबता पुढचे प्रश्न विचारले गेले. किती मरतात? ते कळायला गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायला हवा, कारण सरकारी वहीत बरेचसे मृत्यू येतच नव्हते. कशाने मरतात? त्यासाठी मूल गेलेल्या घरी जाऊन, आईबापांजवळ बसून, शेवटच्या दिवसांत काय काय झाले ते सविस्तर ऐकायला हवे. हे ऐकणे कोणालाही घाईने जमणारे नाही. त्यातून न्यूमोनिया हा मोठा मारेकरी म्हणून पुढे आला. आणि मग सगळ्यात कळीचा प्रश्न असा, की मूल आजारी पडले तेव्हा जवळ कोण होते? डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हती. आई होती, आजी होती, गावची सुईण होती.

उत्तर तिथेच सापडले. सुइणींना श्वास मोजायला शिकवायचे ठरले, पण अनेकींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजण्याची सवय नव्हती. म्हणून एक साधे यंत्र बनले. मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा. अगदी लहान बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, थोड्या मोठ्या मुलासाठी वेगळी. हे यंत्र सुचायला आधी सुईण किती मोजू शकते हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत व्हायला तिच्याशेजारी बसावे लागते. १०२ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. जिथे ही व्यवस्था होती, त्या गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले होते.

काम इथे संपले नाही, कारण उरलेल्या मृत्यूंत जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले बरेच होते. पुन्हा मोजणी आली. ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांचे घरी जाऊन निरीक्षण केले गेले. शंभरातल्या ५४ बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शंभरात तिघांहूनही कमी बाळांना. जवळजवळ सगळी बाळे घरीच जन्मलेली. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर न नेण्याची रीत, रस्त्यांची अवस्था, खर्च हे सगळे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ‘नवजात बाळाचा जंतुसंसर्ग हा रुग्णालयातच बरा करायचा आजार आहे’ हे वैद्यकशास्त्राचे मत.

पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ केले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सारे त्या शिकल्या. गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार, ही कल्पना त्या काळी डॉक्टरांच्या पचनी पडणे कठीण होते. त्यांची काळजी अगदीच अनाठायी होती असेही नाही, चुकीच्या हातातले इंजेक्शन घातक ठरू शकते. वादाचा निकाल पुन्हा मोजणीनेच लागला. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो काही वर्षांत २५.५वर आला. शेजारच्या, प्रयोगाबाहेरच्या गावांशी तुलना करता ही घट ६२ टक्के भरली. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी १६-१७ दगावत, आता तिघांहूनही कमी. डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे आले.

‘सर्च’ सुरू होऊन तोवर तेरा वर्षे झाली होती. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यातले बहुतेक बालमृत्यू सरकारदरबारी नोंदलेच जात नाहीत, हे त्यात आदिवासी, ग्रामीण आणि शहरी वस्त्यांतल्या मोजणीने दाखवले होते. बातम्या झाल्या, विधिमंडळात गदारोळ झाला, आणि डाउन्स यांच्या हिशेबाप्रमाणे तो ओसरलाही. पण वह्या शाबूत होत्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभरातल्या आशांकडे आले. १९९९च्या शोधनिबंधापासून बारा वर्षे. ट्विटरवरच्या विषयाचे आयुष्य बारा तासांचे.

देशातला नवजात मृत्युदर २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत हजारी २० होता. या घटीला रुग्णालयातील बाळंतपणे वाढणे, रस्ते, लसीकरण, मुलींचे शिक्षण अशी अनेक कारणे आहेत, ती एका प्रयोगाच्या नावे मांडणे योग्य नाही. शिवाय छोट्या क्षेत्रात, कडक देखरेखीखाली जे साधले, ते सरकारी यंत्रणेत तसेच्या तसे उतरते असेही नाही. आशाला सहा घरभेटी पूर्ण केल्यावर मिळतात अडीचशे रुपये. तिच्या मागे नोंदवह्या, सर्वेक्षणे, वेगवेगळी अ‍ॅप आणि वरिष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरचे निरोप लागलेले असतात. लक्ष विचलित होण्याची तक्रार करायचा पहिला हक्क खरे तर तिचा आहे, आणि मानधनाच्या आंदोलनात ती कामाच्या या बोज्याबद्दल बोलतेही.

शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या सामान्य वाचकाने गडचिरोलीला जाऊन राहावे, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कामातली रीत उचलता येते. दिवसाला वीस प्रश्नांवर हळहळण्याऐवजी वर्षासाठी एकच प्रश्न निवडावा. आपल्या वस्तीतल्या पाण्याचा असेल, जिल्हा परिषदेच्या शाळेचा असेल, घराजवळच्या चौकातल्या अपघातांचा असेल. त्यासाठी एक वही घालावी. चार जागांच्या मनाला वहीचा मोठा आधार असतो. पहिल्या पानावर मत लिहू नये, आकडा लिहावा. तो कुठून आला, कोणी मोजला आणि मोजण्यात कोण सुटले, हेही लिहावे. आरोग्याच्या बाबतीत जिल्हानिहाय आकडे केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पाहणारे थोडे, एवढेच. तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा पाहावा. मधल्या काळात त्या प्रश्नाशी रोज गाठ पडणाऱ्या एका माणसाशी तासभर बोलावे, नर्सशी, शिक्षकाशी, टँकरवाल्याशी. ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत विचारण्याजोगा प्रश्न अशा वहीतून निघतो. आणि तो प्रश्न टाळणे उत्तर देणाऱ्याला जरा जड जाते.

त्या तासाला फोन कुठे असावा, यावरही प्रयोग झाले आहेत. २०१७च्या एका अभ्यासात फोन बंद असूनही टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची बौद्धिक चाचणीतील कामगिरी सरस ठरली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. तेव्हा याला शास्त्राचा शिक्का समजू नये. पण दुसरी खोली असेल तर ठेवून पाहायला पैसे पडत नाहीत.

आशाच्या भेटींचे दिवस ठरलेले आहेत. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पाऊस असो की सण असो, ती वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन जाते आणि श्वास मोजते. आकडा साठ किंवा त्याच्या वर गेला, तर लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. बाळाला शांत होऊ द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. दुसऱ्यांदाही साठच्या वर आला, की गाडी बोलवायची.